आबांच्या नावाची नळी

अमडापूर, ता. चिखली
२० मे २०१०

चि. पुष्पांजलीस आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बुलडाणा जिल्ह्यात अमडापूर नावाचं एक गाव आहे अन तिथं तुही आजी अजून जित्ती आहे, हे तुले कळवावं म्हणून हे पत्र. दिवाळीत निघताना तू म्हणत होती, आजी, पोचल्या पोचल्या पत्र टाकते. पुणं लयच लांब दिसते. अजून पोचलीच नाई तू. तुह्या नळ्यांचा डबा मात्र पोचला. माणसाच्या आधी डबा पोचते, हे मी पहिल्यांदा पाह्यलं.

फोन काऊन करत नाई म्हणून विचारशील. फोनवर मले निम्मं ऐकू येते अन निम्मं तुहा बाप मधात बोलते. त्यापरीस आसमा बरी. आपल्या भिंतीपलीकडच्या शकूरची सून, शाळेत शिकवते ती. मी सांगते, ती लिहिते. मधात मधात माही भाषा सुधरवते, म्हणून पत्र थोडं शहाणं वाटन. वाचून दाखवते तवा मले बरोबर समजते की कोणतं वाक्य माहं नाई.

तं नळ्या. तू तुह्या बापाले फोनवर सांगतलं होतं की घंटाभर आधी तोंडात काही घालाचं नाई, मंग नळीत थुंकाचं, अन त्या थुंकीवरून तोंडाचा कॅन्सर समजते का हे तुमी लोक पाहून राह्यले. तुह्या आईनं पाठ फिरवून, डोक्यावर पदर घेऊन नळी भरली, जशी काल लग्न होऊन आली. तुह्या बापाले घंटाभर तंबाखूचा खर्रा नाई म्हटल्यावर तो अंगणात असा फिरला, जसा खुट्याले बांधलेला गोऱ्हा. मी माही भरली. दात नाई तं नेम चुकते. पहिला मान मांजरीले भेटला.

चौथी नळी तू सांडलवंड झाली तं असू द्या म्हणून पाठवली होती. कोणाची सांडली नाई. मंग ती मी तुह्या आबाच्या कोनाड्यात, त्याईच्या चुन्याच्या डबीजवळ ठेवली अन अखाजीची, आसमा लिहिते त्या अक्षय तृतीयेची, वाट पाह्यली.

अखाजीले आपल्या घरी पितर म्हणून सहदेवच बसते. आबाचा सालदार होता, आता अर्धं वावर बटईनं, निम्म्या पिकाच्या वाट्यावर करते. त्याले बाप नाई, म्हणून बसता येते. पाय धुतले, कपाळाले कुंकू लावलं, की तो सहदेव राह्यत नाई, तुहे आबा होते. ताटावरून उठेपर्यंत त्याले त्याच्या नावानं हाक माराची नाई, हे तुले लहानपणी दोनदा सांगा लागलं होतं. हाक मारली तं पितर उपाशी उठते अन त्या घरात परत येत नाई.

यंदा तो पाटावर बसला, ताटाभोवती पाणी फिरवलं, अन खाकरला. पुष्पे, तो खाकरा सहदेवाचा नव्हता. मान डावीकडं वळवून, आधी लहान मंग मोठा, तुह्या आबाचाच. मी नळी पुढं केली अन म्हटलं, अहो, यात थुंका. काऊन म्हणून विचारलं नाई. थुंकला. मंग पुरणपोळी खाल्ली, चिंचवणी पेला, अन आबासाठी ठेवलेला तंबाखू चोळून गालात धरला.

नळीवर आसमाले नाव लिहाले लावलं, उत्तमराव. ती म्हणे, आजी, वय काय लिहू? मी म्हटलं, गेले तवाचं लिही, त्यानंतर कोणाचं वाढते?

हसशील. हस. पण त्याईच्या वेळेस कोणी नळी आणली नाई. तोंड उघडेना, पेजसुद्धा नाकातून पाजायची पाळी आली, तवा खामगावचा डॉक्टर म्हणे, उशीर झाला. आता तं तपासा. कोनाड्याखालचा त्याईच्या पिंकेचा डाग यंदाही चुन्यातून वर आला. तुहा बाप दरसाली दोन हात मारते, तो दरसाली वर येते.

माहा लोभ तुह्यापाशी आहे, तो वापरत राह्य. नुसता ठेवून दिला तं जुन्या ज्वारीवानी सोंडे लागतीन.

तुही आजी, रुखमाबाई
(खाली अंगठा आहे, शाई आसमाच्या पेनातली)


पुणे
१४ जून २०१०

ती. आजीस पुष्पांजलीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

मी पोचले, आजी. आठ महिने लागले, पण पोचले.

नळ्या चारही व्यवस्थित आल्या. तू आसमाकडून विचारशील की थुंकीत असं काय असतं, म्हणून आधीच सांगते. गालाच्या, जिभेच्या आतल्या पेशी सतत गळून लाळेत पडत असतात. प्रत्येक पेशीत तिनं कसं वागावं याच्या सूचना असतात, त्यांना जनुकं म्हणतात. पेशी बिघडायला लागली की त्या जनुकांवर काही खुणा उमटतात, कधी कधी जखम दिसायच्याही आधी. त्या खुणा लाळेतून भरवशानं वाचता येतात का, एवढंच आम्ही शोधतोय. अजून हे पक्कं झालेलं नाही. खूण दिसली म्हणजे रोग आहेच असं नाही, पण मग त्या माणसाचं तोंड डॉक्टरांनी बघायलाच हवं.

चौथ्या नळीबद्दल रागवायचं ठरवलं होतं. जमलं नाही. डबा उघडला आणि आसमाच्या वळणदार अक्षरात आबांचं नाव समोर आलं. ती नळी मी बाजूला काढायला हवी होती. मी तिला नंबर दिला आणि बाकीच्यांबरोबर शीतपेटीत ठेवली. तेव्हापासून ती पेटी उघडताना मी आधी जराशी थांबते. कोणाच्या तरी खोलीत शिरताना थांबावं तशी.

आईबाबांना नमस्कार. बाबांचा खर्रा सुटावा म्हणून काय करता येईल ते तूच बघ. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, इथं ती विकत मिळत नाही.

तुझी
पुष्पांजली


अमडापूर
९ ऑगस्ट २०१०

चि. पुष्पांजलीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र भेटलं. आसमानं दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मले समजावं म्हणून, दुसऱ्यांदा तिलेच समजावं म्हणून.

वावर सारं बीटी कपाशीनं भरलं आहे. पाणी इतकं पडून राह्यलं की फुलं गळतात. बियाण्याच्या पिशवीसंगं साध्या सरकीची लहान पुडी येते, तुले माहीत असन. सारं गाव ती पुडी बांधावर फेकून देते. एकटा सहदेव वावराच्या चारी कडेनं ती साधी कपाशी लावते. त्याले कृषीवाल्यानं सांगतलं म्हणे, कडेची झाडं अळीले खाऊ द्या म्हणजे मधलं वाचते. तुहा बाप त्याले हसते, की बे सहदेव, तू तं अळीले बी पंगत वाढते.

तो सहदेव अलीकडं ठेचा खात नाई. भाकरीसंगं दही मागते. त्याची झुंबरबाई म्हणे, तोंड आलं आहे, उष्णता आहे. मी म्हटलं, बायको तिखट असली की नवऱ्याले ठेचा लागत नाई. ती रागावली अन त्याले दही देऊन गेली.

एक गोष्ट तुह्या बापाले सांगू नको. दुपारी सारे वावरात गेले की कोनाड्यात डबीचं झाकण वाजते. आबा चुना घेऊन झाकण अंगठ्यानं दाबत, तसं. एकदाच वाजते. मी जाऊन पाह्यते तं डबी जागच्या जागी. मांजर म्हणावं तं मांजर माह्या मांडीवर.

लग्नाचं काय ते कळव, नाईतर नळीतल्या खुणा पाहून तुहं तूच ठरव. माह्यापाशी आशीर्वाद शिल्लक आहेत, न्यायाले ये.

तुही आजी
रुखमाबाई


पुणे
११ सप्टेंबर २०१०

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बाबांसमोर वाचून घे.

नळ्यांची तपासणी झाली. तू, आई आणि बाबा, तिघांच्याही लाळेत काळजीचं काही नाही. बाबांनी म्हणून खर्रा चालू ठेवायचा असा याचा अर्थ नाही. चौथ्या नळीत खुणा दिसल्या. अंधुक नाहीत, ठळक. आम्ही पुन्हा तपासलं. पुन्हा तेच.

यादीत त्या नंबरापुढं आबांचं नाव आहे. आमच्या विभागाच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, या पेशंटला ताबडतोब बोलव. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि मला सांगता येईना, की कोणाला बोलावू. मग सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

ती लाळ सहदेवकाकांची आहे, आजी. मी बाबांना फोन केला. ते म्हणतात, सहदेवला सांगितलं तर तो हसून वखर घेऊन निघून गेला. त्यांचं तोंड आलंय, ते ठेचा खात नाहीत, हे तूच लिहिलं होतंस. तेव्हा वाचताना मी हसले होते. आता तेवढी ओळ काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यांना डॉक्टरकडे पाठव. लवकर पाठव.

तुझीच
पुष्पांजली


अमडापूर
२१ सप्टेंबर २०१०

चि. पुष्पांजलीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुहं पत्र वाचता वाचता आसमा मधातच थांबली. मी म्हटलं, वाच. तिनं वाचलं. तुह्या आईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

सहदेवाले बलावलं. ओट्यावर बसला, सारं ऐकलं, अन म्हणे, माय, ते तं मालकाचं आहे. मी नुसता पाटावर बसलो होतो. नाव त्याईचं, ताट त्याईचं, तंबाखू त्याईचा, मंग रोग तेवढा माहा काऊन?

खरं सांगू का, पुष्पे? मले तेच पटलं. अन आनंद झाला. होऊ नये असा झाला. इतकी सालं मी त्या पाटाले वाढत आली, पण मनात एक खडा होताच, की हा सहदेवच आहे अन आयती पुरणपोळी हाणून राह्यला. आता तुमच्या मशीननं सांगतलं की नाई, तेच आले होते. जो रोग घेऊन गेले, तोच घेऊन आले. मशीनले कोणी शिकवून पाठवलं नव्हतं. झाकण आता रोज वाजते.

गावात बोभाटा झाला. मागच्या गल्लीतली अंबूबाई येऊन कोनाड्याले हळद-कुंकू लावून गेली अन जाताना हळूच म्हणे, आमच्या घरच्या माणसासाठी एक नळी मागव ना. तिचा नवरा विहिरीत पडून गेला. मी म्हटलं, त्याले तपासायाले काय उरलं, पाणीच निंघन. ती रडली. मंग मलेच कसंतरी झालं.

तुहा बाप सहदेवाच्या मागं लागला आहे. सहदेव म्हणते, वेचणी होऊ द्या. झुंबरबाई नुसती माह्या तोंडाकडं पाह्यते. दुखणं मालकाचं आहे, असं मीच म्हटल्यावर ती काय बोलन?

तुह्या म्याडमले एवढं विचार, की गेलेल्या माणसाच्या दुखण्यावर आता काही उतारा आहे का. त्याईले शेवटी पाणीबी गिळता येत नव्हतं. तिथं तरी त्रास होऊ नये.

तुही
आजी


पुणे
२८ सप्टेंबर २०१०

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

मी तुझी नात आहे. तुझ्यापुढं कधी आवाज चढवला नाही. आसमा, हे जसं आहे तसं वाच, मऊ करू नकोस.

आबांना आता काही दुखत नाही. त्यांचं दुखणं त्यांच्याबरोबर गेलं. ते पाटावर आले असतील तर त्याबद्दल मला काही कळत नाही, आमच्याकडे तसली तपासणी नाही. पण त्यांनी येताना तोंड आणलं नव्हतं. तोंड सहदेवकाकांचं होतं. गाल त्यांचा, लाळ त्यांची, बिघडलेल्या पेशी त्यांच्या. तू म्हणतेस आबा आले. मग काका कुठे गेले होते?

बाबांचं ते ऐकत नाहीत, माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतात, आणि तू त्यांना सांगितलंस की हे मालकाचं आहे. ते वेचणीपर्यंत थांबतील, मग गव्हाच्या पेरणीपर्यंत. आबाही असेच थांबत गेले होते, हे मला तूच सांगितलंस.

त्यांना तोंड उघडायला सांग. त्यांची स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये जातात का पाहा. गालात आतून पांढरं काही दिसतं का पाहा. एवढं कर. शीतपेटीशी मीही थांबत होते, आजी. आबांच्या नावापाशी मलाही थांबावंसं वाटतं. पण त्या नावाआड एक जिवंत माणूस उभा आहे.

रागावलीस तरी चालेल. रागातही माया असते, ती पाठव.

पुष्पांजली


अमडापूर
१२ ऑक्टोबर २०१०

चि. पुष्पांजलीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र टपालानं येणार नाई. ज्याच्या हातून येईन त्याले आधी पाणी दे, मंग वाच.

तुहं पत्र आलं तवा मी आसमाले म्हटलं, ही पोरगी लय शिकली. दोन दिवस तुह्यासंगं बोलली नाई. तू पुण्यात, तुले ते काय समजन, पण मी बोलली नाई. तुही ती ओळ मात्र जाईना, की मग काका कुठे गेले होते. मी इतक्या अखाज्या वाढल्या, हे कधी मनातच आलं नाई.

सर्वपित्रीले सहदेव आला. पाय धुतले, कुंकू लावलं. तुह्या आईनं पुरण, वडे, कढी वाढली. तो आबासारखा खाकरला. मंग त्यानं कढीचा भुरका घेतला अन डोळ्यांत पाणी आलं. आबाच्या डोळ्यांत शेवटी शेवटी असंच येत होतं, अन ते तोंड फिरवून पुसत. सहदेवानंही तोंड फिरवलं. कोनाड्याकडं.

मी म्हटलं, सहदेव.

तुह्या आईच्या हातची पळी पडली. त्यानं ऐकलंच नाई असं केलं. मी पुन्हा म्हटलं, सहदेव, तोंड उघड.

तो म्हणे, माय, हे काय केलं, मालक उपाशी जातीन. मी म्हटलं, जाऊ दे. ते कवाचेच निंघाले आहेत, मीच दरसाली दारात आडवी उभी राह्यते. तू सहदेव आहे. अखाजीलेही तू सहदेवच होता. तोंड उघड, बे.

उघडलं. तीन बोटं गेली नाई. दोन गेली, तीबी कशीबशी. आसमानं ब्याटरी धरली. डाव्या गालात, जिथं तो तंबाखू दाबून ठेवते, तिथं दुधाच्या सायीवानी पांढरं. मी असं पहिल्यांदा पाह्यलं. तुह्या आबाच्या तोंडात मी कधी पाह्यलंच नाई. नवऱ्याच्या तोंडात कोण पाह्यते? दारात झुंबरबाई उभी होती. ती उंबऱ्यावरच बसली.

तुहा बाप त्याले खामगावले घेऊन गेला. डॉक्टर म्हणे, तुकडा काढून तपासा लागन, काय निंघन ते आत्ता सांगता येत नाई, पण वेळेत आले. वेळेत हा शब्द आपल्या घरच्या कोणाले त्या खामगावात पहिल्यांदा ऐकू आला. आता तो पुण्याले येऊन राह्यला, पुढचं तुह्या म्याडम पाह्यतीन. झुंबरबाई संगं येऊन राह्यली, तिले जिन्यावर एकटी सोडू नको, तिले फिरत्या जिन्याचं भेव आहे. कोणीतरी सांगून ठेवलं की पदर अटकते.

वेचणी आमी पाहू. पाण्यानं खालची बोंडं काळी पडली, पानं लाल पडून राह्यली, जे भेटन ते भेटन. परवा कडेनं फिरली. त्यानं लावलेली साधी कपाशी अळीनं पार चाळणी केली, अन मधली हिरवी उभी आहे. मी तिथं उभी राह्यली. आमी सहदेवाले जलमभर कडेलेच लावलं, पुष्पे.

कोनाडा गप आहे. त्या दिवसापासून झाकण वाजलं नाई. दुपारी मी कान देऊन बसते, मांजरही बसते. डबी मी राखेनं घासून पालथी ठेवली. डाग आहे. तुहा बाप चुना माराले निंघाला होता, मी म्हटलं, राहू दे, तेवढा माहा आहे.

तुमच्या यादीत आबाचं नाव खोडून सहदेवाचं लिही. खोडताना सावकाश खोड.

मी रागावली होती, आता नाई. राग झुंबरबाईच्या गाठोड्यात बांधून पाठवला असता, पण त्यात आधीच कुरडया आहेत. माया ठेव, अन पत्राचं उत्तर देताना पुन्हा आठ महिने चालत येऊ नको.

तुही आजी
रुखमाबाई

ता. क. दवाखान्यात त्याले जेवण तुह्या खोलीवरून पाठवशील, तं पुरणपोळी पाठवू नको, कढी नको, चिंचवणी नको. ते सारं आबाले आवडत होतं. सहदेवाले काय आवडते हे मी काल पहिल्यांदा विचारलं. तो लाजला, बांधावरची माती उकरत बसला, मंग म्हणे, शेवया, माय. दुधातल्या. तवा शेवया पाठव, लय मऊ शिजवून, साखर नको, गूळ घाल, कोमट करून पाठव. अन डबा पुढं ठेवशील तवा त्याले त्याच्या नावानं हाक मार.